जब्बारभाईंचा रेंजफाइंडर

गिऱ्हाईक दुकानात यायचं, काउंटरवर कॅमेरा ठेवायचं आणि मला विचारायचं, "बाई, मालक कुठी गेले?"

मालक शेजारीच बसलेले असायचे. डोळ्याला भिंग लावलेलं, चिमट्यात कुणाच्या तरी घड्याळाची केसाएवढी स्प्रिंग धरलेली, त्यामुळे तोंड उघडायची सोय नाही. ते नुसती मान माझ्याकडे वळवायचे. मग गिऱ्हाईक माझ्याकडे पुन्हा एकदा नीट बघायचं आणि ठेवलेला कॅमेरा हळूच चार बोटं मागे ओढून घ्यायचं. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की पुढे पुढे मला त्याची मजा वाटायला लागली. मी म्हणायचे, "ठेवा हो. खाऊन टाकत नाही मी त्याला."

मेहकरला बसस्टँडच्या रस्त्यावर आमचं दुकान चाळीस वर्षं आहे. पाटीवर घड्याळ दुरुस्ती असं मोठ्या अक्षरांत आणि कॅमेरा दुरुस्ती असं लहान अक्षरांत लिहिलेलं. घड्याळं आमच्या ह्यांची, कॅमेरे माझे. ही वाटणी कुणी ठरवून केली नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी दुपारचा डबा घेऊन दुकानात यायची आणि ह्यांचं जेवण होईपर्यंत बसायची. एकदा एका फोटोग्राफरनं अडकलेल्या शटरचा कॅमेरा ठेवला होता. ह्यांनी तो उघडला, आतली स्प्रिंग उडाली, आणि त्यांनी सगळे सुटे भाग बशीत ओतून ती बशी कोपऱ्यात सारली. मी तीन दुपारी ती बशी घेऊन बसले. चौथ्या दुपारी शटर उघडलं आणि मिटलं. ह्यांनी डबा खाता खाता तो आवाज ऐकला आणि म्हणाले, "आता हे लफडं तुहं." तेव्हापासून ते माझं.

मग जिल्ह्यातून कॅमेरे यायला लागले. लोणारचा एक फोटोग्राफर होता, त्याच्या हातून कॅमेरा सरोवरात पडला. ते पाणी खारं आणि क्षाराचं. त्यानं तो काढून दोन दिवस उन्हात वाळवला, म्हणजे मिठाची बरणीच करून माझ्याकडे आणली. मी तो कॅमेरा त्याच्यासमोर स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवला. गडी ओरडलाच. त्याला समजावून सांगावं लागलं की आतलं मीठ आधी विरघळू दे, पाण्याला मी नंतर पाहून घेते. आठवड्यानं कॅमेरा चालू झाला. त्यानंतर त्यानं मालक कुठी गेले असं कधी विचारलं नाही. उलट मालक एकटे दिसले तर तो म्हणायचा, "बाई कुठी गेल्या?"

मला सगळ्यात आवडायचा तो रेंजफाइंडर. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. या कॅमेऱ्याला पुढून दोन खिडक्या असतात. डोळा लावला की समोरचं माणूस दिसतं आणि चित्राच्या मधोमध एक फिकट चौकोन दिसतो. त्या चौकोनात तेच माणूस दुसऱ्यांदा दिसतं, जरा बाजूला सरकलेलं, सावलीसारखं. लेन्सवरची कडी फिरवली की ती सावली सरकते. दोन्ही चेहरे एकावर एक बसले, दोन नाकांचं एक नाक झालं, की समजायचं अंतर बरोबर लागलं. दाबा बटण. याच्यात फटकन वर जाणारा आरसा नसतो, म्हणून आवाजही अगदी हलका. बाजारात चार हातांवरून फोटो काढला तरी माणसाला पत्ता लागत नाही.

ही सगळी जादू आतल्या दोन आरशांवर आणि एका बारक्या दांडीवर चालते. लेन्स पुढेमागे झाली की दांडी हलते, दांडी हलली की आरसा हलतो. दांडी दोन ठिकाणी जुळवावी लागते, लांबच्यासाठी एक स्क्रू आणि जवळच्यासाठी दुसरा. लांबचं मी दुकानाच्या पायरीवर उभी राहून बालाजीच्या देवळाच्या कळसावर जुळवायची. जवळचं दुकानाच्या आत, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, बरोबर एक मीटर टेपनं मोजून. लांबचं जुळलं म्हणून जवळचं जुळलं असं होत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जुळवलेला स्क्रू पुन्हा हलू नये म्हणून मी त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायची. माझ्याकडे नेलपॉलिशची बाटली असायची ती एवढ्याचसाठी. तपासणी पूर्ण झाल्याशिवाय ठिपका नाही, हा माझा नियम. शिवाय वरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं महिना-वर्ष आणि 'क' लिहायची. कमलचा क. घड्याळजी लोकांची ही जुनी पद्धत, मी ह्यांच्याकडून उचललेली.

डिजिटल आलं आणि हे सगळं थांबलं. मी भिंतीवरच्या घड्याळांत सेल घालायला लागले. आणि मग इतक्या वर्षांनी, आता आता, पुण्या-नागपूरकडच्या पोरांचे फोन यायला लागले. त्यांना रोलचे कॅमेरे पाहिजेत. विचारतात, मावशी, जुना रेंजफाइंडर घ्यायचा, भरवशाचा कसा ओळखायचा?

मी सांगते, चमक बघू नका. चमक तर मीही पाच मिनिटांत आणून देते. मागचं दार उघडा आणि शटर कापडी पडद्याचं असेल तर तो पडदा उन्हाकडे धरा. कापडाला टाचणीएवढं भोक असलं तरी तारा चमकल्यासारखं दिसतं. लेन्समधून बॅटरीचा उजेड टाका. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. दाराच्या कडेचा स्पंज बोटाला डांबरासारखा चिकटला तर तो बदलावा लागेल, पण त्याला घाबरू नका. सगळ्यात सावकाश वेगावर शटर दाबून कान द्या. आवाज एकसारखा आला पाहिजे, मधेच अडखळलेला नको. आणि कपाटात बसून राहिलेल्या कॅमेऱ्यापेक्षा कुणाच्या तरी हातात राहिलेला घ्या.

वैशाली माझ्याकडे आली ती हे ऐकायच्या आधीच फसून आली होती.

गेल्या वर्षी मार्चमधली गोष्ट. धामणगाव बढ्याची ही मुलगी, वय तिशीच्या आतबाहेर, मोताळा तालुक्यात कृषी सहायक. बुलढाण्याला गाडी बदलून मेहकरला आली होती. पिशवीतून तिनं एक रशियन बनावटीचा रेंजफाइंडर काढला. ऑनलाइन घेतलेला, बाहेरून नवरीसारखा. मी दार उघडून उन्हाकडे धरला. पडद्याची चाळणी झाली होती.

"किती रोल काढले याच्यावर?" मी विचारलं.

"दोन."

"कशाचे?"

"माही आई अंगणवाडीत होती. तिच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. मी सगळ्याइले सांगतलं, मोबाइल काढू नका, मी काढते फोटो. लेकरं आली, बाया आल्या. मोठमोठ्या झालेल्या पोरी आल्या, आईच्या हाताखालच्या." तिनं फोटोंचं पाकीट पुढे केलं. प्रत्येक फोटोत पांढरे ठिपके आणि पट्टे. आईच्या चेहऱ्यावर तर पाच-सहा. "मोबाइलवर दिवसाले शंभर-दोनशे फोटो काढते मी. पंचनाम्याचे. एकबी लक्षात राहत नाही. म्हनून हा घेतला होता मावशी."

आमचे हे घड्याळातून मान वर करून म्हणाले, "असं नाही करत पोरी. पहिला रोल कुत्र्या-मांजराचा काढावा."

ती हसली, पण डोळे भरले होते. मी तिला सांगितलं की या पडद्याचं कापड आता मिळत नाही, हा कॅमेरा विसर. तुला चांगला पाहिजे असेल तर या गावात एक आहे. माझ्या डोळ्यासमोर एकच कॅमेरा होता, तो जब्बारभाईंचा.

जब्बारभाई म्हणजे मेहकरचे जुने फोटोग्राफर. आता बहात्तर वर्षांचे. त्यांचा स्टुडिओ आमच्यापासून चार दुकानं पलीकडे होता. लग्नाचं काम सगळेच करायचे, पण जब्बारभाई रविवारी बाजारात त्यांचा जपानी रेंजफाइंडर घेऊन फिरायचे आणि नुसते चेहरे काढायचे. मिरच्या विकणारी, दोर वळणारा, बैलाचे दात पाहणारा. फार जवळून. ते फोटो कुणी विकत घेत नव्हतं. स्टुडिओच्या भिंतीवर लावलेले असायचे आणि लोक पासपोर्टचा फोटो काढायला आले की तेच बघत उभे राहायचे. तो कॅमेरा वीस वर्षं माझ्याच टेबलावर सर्व्हिसिंगला आला. पुढे त्यांनी चेहरे काढणं सोडलं, स्टुडिओत स्टँडवरच्या कॅमेऱ्यानं ठरावीक अंतरावरून पासपोर्ट फोटो तेवढे काढायला लागले, आणि मग स्टुडिओही बंद केला. मला वाटलं, डिजिटलनं जसे आम्ही संपलो तसेच ते.

मी वैशालीला घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी शिवलेल्या कापडी पिशवीतून कॅमेरा काढला. मी उन्हात धरला, कान लावला, बॅटरी टाकली. काच पाण्यासारखी होती. शटर एकसारखं. कॅमेऱ्याच्या खिडकीतून लांबच्या पाण्याच्या टाकीवर पाहिलं, दोन्ही चित्रं बरोबर एक झाली. वैशालीनं हातात घेतला आणि खाली ठेवेना.

"चाचा, इतका चांगला कॅमेरा काऊन विकता?" तिनं विचारलं.

"डोळे गेले न पोरी," जब्बारभाई म्हणाले. "लांबचं येते बरोबर. पन मानसाचा चेहरा जवळून काढला का पुसट. मले वाटे बरोबर जुळवलं, अन् धुवून पाहतो त सब धुंदला. दोनदा नंबर बदलला. डॉक्टर म्हने डोळे ठीक हाय. म्या म्हटलं, तुले काय समजते, फोटो त माह्या हातात हाय. सोडून देल्लं मंग."

मी ते ऐकलं. खरं सांगते, तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही. म्हातारपणी डोळे जातात, त्यात विचार काय करायचा.

सौदा तिथंच ठरला. पण माझा नियम असा की माझ्या टेबलावर पुरी तपासणी झाल्याशिवाय मी कुणाला 'घे' म्हणत नाही. जब्बारभाई हसले. "भाभी, तुमच्याच हातचा हाय. त्याले काय पाहता?" तरी मी तो दुकानात आणला. वैशाली संध्याकाळच्या गाडीनं गेली.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीपासून एक मीटर मोजलं. कॅमेरा टेकवला, मागे फिल्मच्या जागी घासलेली काच बसवली आणि शटर उघडं धरलं. अशी काच लावली की लेन्समधून फिल्मवर काय पडणार ते डोळ्यानं दिसतं. खिडकीतून कॅलेंडरच्या आकड्यावर दोन्ही चित्रं जुळवली, मग भिंग लावून मागची काच पाहिली. आकडा पुसट होता. पुन्हा जुळवलं. पुन्हा पुसट. कॅमेरा वीतभर मागे ओढला, तेव्हा कुठे आकड्याला धार आली.

मी टेप खाली ठेवला. लांबचं बरोबर, जवळचं वीतभर चुकलेलं. म्हणजे या खिडकीतून कितीही नीट चेहरा जुळवला तरी फोटोत तो पुसटच येणार. जुळवणाऱ्याचे डोळे गरुडाचे असले तरी.

मी वरचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला माझ्या पेन्सिलीचे महिने एकाखाली एक होते, प्रत्येकापुढे क. शेवटच्या नोंदीनंतर दुसऱ्या कुणाची खूण नव्हती. लांबच्या स्क्रूवर लाल ठिपका होता. जवळच्या स्क्रूवर नव्हता. मोकळा, चकचकीत स्क्रू.

ठिपका नाही म्हणजे तपासणी झाली नाही. माझाच नियम.

शेवटच्या नोंदीला अठरा वर्षं झाली होती. तो दिवस मला हळूहळू आठवला. लग्नसराई, टेबलावर सात-आठ कॅमेरे, आणि दिवसभर लोडशेडिंग. दुकानाच्या आत कॅलेंडरचे आकडे दिसत नव्हते. जब्बारभाईंना दुपारी निघायचं होतं. मी पायरीवर जाऊन कळसावर लांबचं जुळवलं, ठिपका दिला आणि जवळचं हातानंच अंदाजानं बसवलं. वीस वर्षं तोच कॅमेरा हाताळत होते, हाताला सगळं माहीत आहे असं वाटलं. लाइट आली की परत मागवून पाहू, असं मनात म्हटलं. त्यांना मात्र म्हटलं नाही. "झाला का भाभी?" त्यांनी विचारलं आणि मी म्हणाले, "झाला."

मागवला नाही. विसरले.

मी कॅमेरा ह्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. ह्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. ते सहसा काढत नाहीत.

"आता नीट करता येते का?"

"अर्ध्या तासात."

"मंग नीट कर अन् देऊन टाक पोरीले. तिले कॅमेरा भेटते. जब्बार तं सुटलाच त्याच्यातून. आता सांगून कोनाचं भलं होनार हाय?"

मी अर्ध्या तासात तो नीट केला. तीनदा मोजलं आणि ठिपका दिला. मग तो कॅमेरा दोन दिवस माझ्यासमोर तसाच होता. ह्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. वैशालीचा फोन आला, मी तिला थांब म्हटलं. माझ्या आयुष्यात कामाचा अभिमान सोडला तर दुसरं फारसं काही नाही. मालक कुठे आहेत विचारणारी माणसं चाळीस वर्षं याच अभिमानावर परतवली. आणि आता मला दिसत होतं की जब्बारभाईंनी कॅमेऱ्यावर संशय घेतला नाही याचं कारण मी होते. दुसऱ्या कुणी दुरुस्त केला असता तर त्यांनी पहिल्याच पुसट फोटोला त्याच्या डोक्यावर नेऊन आपटला असता. मी केला होता, म्हणून त्यांनी स्वतःच्या डोळ्यांना दोष दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचला आणि निघाले. हे म्हणाले, "जातेच का?"

"जाते."

"थांब मंग. मीबी येतो संगं." दुकानाचं शटर त्यांनी भर बाजाराच्या वेळेला ओढलं. ते त्यांनी आमच्या लेकाच्या लग्नाखेरीज कधी केलं नव्हतं.

जब्बारभाई ओसरीत पेपर वाचत होते. आम्हा दोघांना बघून त्यांना वाटलं सौदा मोडला. मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसून सांगितलं असतं तर फाटे फोडले असते. लोडशेडिंग, अंदाज, न दिलेला ठिपका, आणि 'झाला' म्हणाले ते.

त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "म्हंजे डोळे नव्हते?"

"डोळे नव्हते जब्बारभाई. माझी चूक होती."

"म्या त्या कॅमेऱ्यावर कधी शकच नाही घेतला," ते हळू बोलले. "भाभीनं देल्लेला हाय म्हनून." मग म्हणाले, "माह्या लेकीच्या लग्नात, रुखसतीच्या वक्ताले, पोरगी सासरी निघाली तवा, म्या कॅमेरा हातातच नाही घेतला. म्हटलं आपला भरवसा नाही, दुसऱ्याले काढू द्या. गावभरच्या पोरींच्या रुखसतीचे फोटो म्या काढले. माह्या पोरीचा नाही."

ह्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी हात धरला.

"अठरा वर्षं, भाभी," जब्बारभाई म्हणाले, आणि उठून आत गेले. आम्ही कॅमेरा ओसरीतल्या टेबलावर ठेवून परत आलो. रस्त्यात हे एवढंच म्हणाले, "बरं केलं." मला तेव्हा बरं वगैरे काही वाटत नव्हतं.

वैशालीला फोन करून जसं घडलं तसं सांगितलं. ती म्हणाली, "थांबते मी मावशी. त्याइले घाई नका करू."

तीन आठवडे जब्बारभाई आमच्या रस्त्यानं गेले नाहीत. मशिदीत जाताना ते नेहमी ह्यांना हात करायचे, तो रस्ताच त्यांनी बदलला. चौथ्या आठवड्यात एका सकाळी दुकानात आले आणि काउंटरवर वापरलेला रोल ठेवला. ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "रामभाऊ, त्या पोरीले बोलवा. घरीच धुते म्हनत होती न ते."

ब्लॅक अँड व्हाइट रोल घरच्या घरी धुता येतो, आणि वैशाली ते शिकली होती. ती रसायनाच्या बाटल्या घेऊन आली. जब्बारभाईंच्या घरच्या न्हाणीत दाराच्या फटींना कपडे कोंबून दोघांनी तो धुतला. मी बाहेर ओसरीत बसले होते. आतून जब्बारभाईंचा आवाज येत होता, "हलव, पन झोडपू नको त्याले. ताक नाही करून राह्यली तू."

ओली पट्टी त्यांनी दारातल्या उजेडात धरली. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं असतं, सवय नसेल तर काही कळत नाही. मी माझं भिंग त्यांच्या पुढे केलं. त्यांनी ते डोळ्याला लावलं आणि पहिल्या चौकटीपासून शेवटपर्यंत एकेक चौकट पाहिली. बाजारातलेच चेहरे होते, जवळून काढलेले. एक केस कापणारा होता, एक म्हातारी नातवाच्या शर्टाचं बटण लावत होती. मग त्यांनी भिंग मला दिलं. मी पाहिलं. त्या म्हातारीच्या सुईतला दोरा मोजून घ्यावा इतका स्पष्ट होता.

"डोळे बरोबर होते माहे," जब्बारभाई म्हणाले. कुणाला उद्देशून नाही.

मग ते वैशालीकडे वळले. "पोरी, जबान देल्ली होती तुले. पन आता हा कॅमेरा मी देत नाही. राग आला तं येऊ दे."

तिचा चेहरा क्षणभर उतरला. उतरला नाही म्हटलं तर खोटं होईल. मग ती म्हणाली, "मी असती तं मीबी नसता देल्ला चाचा."

आता ती मुलगी रिकाम्या हातानं धामणगावला जाणार आणि त्याचं कारण पुन्हा मीच. मी तिला म्हटलं, तुझा तो चाळणीवाला ठेवून जा. कापड मिळत नाही असं मी तिला सांगितलं होतं ते खरंच होतं. आमच्या लेकानं नेटवर शोधून एक पातळ रबरी कापड मागवलं, ते जाड निघालं. दुसरं मागवलं, ते चिकटेना. पडदा म्हणजे नुसतं कापड कापणं नाही. दोन फिती, दोन रूळ, आणि सगळं अर्ध्या मिलिमीटरच्या आत, नाहीतर फोटोचा अर्धा भाग काळा. माझी बोटं आता पूर्वीसारखी राहिलेली नाहीत. पहिला पडदा तिरका बसला, दुसरा अडकला. ह्यांनी शेजारून बघितलं आणि घड्याळाच्या कामातला आपला सगळ्यात बारीक चिमटा माझ्याकडे सरकवला. त्या चिमट्याला ते कुणाला हात लावू देत नाहीत. तिसरा पडदा बसला. उन्हात धरला, एकही तारा चमकला नाही. लांबचं तपासलं, जवळचं तपासलं, दुसऱ्या दिवशी दोन्ही पुन्हा तपासलं.

हे काम या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, असं मी म्हणते. ह्यांना विचारा, तेही म्हणतील.

वैशाली कॅमेरा न्यायला आली तेव्हा मी तिला कागदावर लिहून दिलं: काय बदललं, काय जुनंच आहे, शटरच्या कुठल्या वेगावर भरवसा ठेवायचा नाही. खाली सही केली. आता मी प्रत्येक कॅमेऱ्याबरोबर असा कागद देते, आणि जे तपासलं नसेल ते तपासलं नाही असं त्यावर लिहिते. हे मी साठीनंतर शिकले, थोडं आधी शिकायला हवं होतं. वैशाली आता महिन्यातून एखाद्या रविवारी येते आणि जब्बारभाईंबरोबर बाजारात फिरते. दोघं भांडतात. तिचं म्हणणं की माणसाला विचारून फोटो काढावा. त्यांचं म्हणणं की विचारलं की माणूस केस नीट करतो आणि फोटो मरतो.

जब्बारभाईंनी मला माफ केलं असं कधी म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. त्यांच्या लेकीच्या रुखसतीचा फोटो मी आणून देऊ शकत नाही, मग विचारायचं तरी काय.

पण मागच्या महिन्यात ते दुकानात आले. मी एका जुन्या कॅमेऱ्याचं पोट उघडून बसले होते. नागपूरच्या एका मुलाचा होता. जब्बारभाई स्टूल ओढून माझ्यासमोर बसले, जरा पुढे सरकले, जरा मागे, आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

"माझा कशाला?" मी म्हणाले. "थांबा, पदर तरी नीट करू द्या."

"काम करा भाभी," ते म्हणाले. "इकडे पाहू नका."

मी खाली बघून स्क्रू फिरवत राहिले. त्यांची कडी फिरल्याचा आवाज आला, थांबला, आणि मग ते हलकं टिक्.

आठवड्यानं त्यांनी फोटो आणून दिला. माझं डोकं खाली वाकलेलं आहे, भिंगाखाली डोळा दिसत नाही, नखाला काळं लागलं आहे. स्क्रूड्रायव्हरचं टोक स्क्रूच्या खाचेत बसलेलं स्पष्ट दिसतं. या अंकासाठी संपादकांनी माझा फोटो मागितला, तेव्हा लेक म्हणाला की आधार कार्डावरचा पाठवू. मी जब्बारभाईंनी काढलेला पाठवला आहे.